‘माझा एच-इंडेक्स फक्त नऊ आहे’

वाचकाचे पत्र (थोडक्यात) :

आदरणीय ताई,

मी महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात संगणकशास्त्राची सहायक प्राध्यापक आहे. माझं संशोधन ऑटोमेटेड रीझनिंगमधलं, म्हणजे तर्क आणि सिद्धता यंत्राकडून करून घेण्याचं. सॅट सॉल्व्हर (तर्कसूत्रातल्या सगळ्या अटी एकाच वेळी खऱ्या करता येतात का, हे शोधणारा प्रोग्राम) जेव्हा ‘या प्रश्नाला उत्तरच नाही’ असं सांगतो, तेव्हा त्याने दिलेला पुरावा खरा आहे का, हे तपासणारे प्रोग्राम मी लिहिते. आजवर १९ पेपर, गूगल स्कॉलरवर ३१० सायटेशन (म्हणजे पुढच्या पेपरांनी केलेले उल्लेख), एच-इंडेक्स ९. शेजारच्या केबिनमधले सहकारी एक्स-रे आणि एमआरआयच्या प्रतिमांवर डीप लर्निंग वापरतात. त्यांची सायटेशन ४,६०० आणि एच-इंडेक्स ३३. प्रमोशनच्या फाईलला ‘संशोधनाचा प्रभाव’ या विषयावर एक पान जोडायचं आहे. मागच्या मुलाखतीत एक सदस्य म्हणाले होते, “बाकीच्यांचे आकडे बघा जरा.” तेव्हापासून रोज रात्री झोपण्याआधी मी स्कॉलरचं पान उघडून बघते. माझा प्रभाव मोजायचा तरी कसा? इथे काही जणांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात एकमेकांचे पेपर साइट करायचे ठरतं. मलाही बोलावलंय. जाऊ का? आणि मनातलं सांगते, क्षेत्रच बदलावं का?

– एक वाचक

उत्तर :

सप्रेम नमस्कार,

तुमचे आकडे बरोबर आहेत, तुमच्या सहकाऱ्यांचेही बरोबर असतील. चूक आहे ती ते दोन आकडे एका ओळीत मांडण्यात, आणि ती चूक तुमची नाही. पण फाईल तुमची आहे. त्यामुळे ही चूक समितीला समजेल अशा भाषेत दाखवून देण्याचं काम तुमच्यावर आलं आहे. ते कसं करायचं, यावरच या उत्तराचा बराचसा भाग जाईल.

आधी एच-इंडेक्सचं बघू. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ साली मांडला. ज्याच्या नऊ पेपरांना प्रत्येकी निदान नऊ सायटेशन आहेत, त्याचा एच-इंडेक्स ९. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञाला असोसिएट प्रोफेसर होताना साधारण १२ आणि प्रोफेसर होताना १८ असावा, असा अंदाजही हिर्शने दिला होता. त्याच पेपरात त्याने हेही लिहिलं होतं की, क्षेत्र बदललं की हे आकडे बदलतात आणि एका आकड्यातून माणसाच्या कामाचा फार तर ढोबळ अंदाज येतो. जगभरच्या समित्यांनी १२ आणि १८ उचलले आणि पुढचं वाक्य तिथेच सोडून दिलं.

तुम्ही तर्कशास्त्राच्या माणूस आहात, म्हणून एक हिशेब तुम्हाला आवडेल. अलेक्झांडर योंग या गणितज्ञाने २०१४ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘नोटिसेस’मध्ये दाखवलं की, एकूण सायटेशनचं वर्गमूळ काढा, त्याला ०.५४ ने गुणा, आणि माणसाचा एच-इंडेक्स बहुतेक वेळा त्याच्या आसपास येतो. तुमच्या ३१० चं वर्गमूळ १७.६, गुणाकार ९.५. तुमचा एच-इंडेक्स ९. सहकाऱ्यांच्या ४,६०० चं वर्गमूळ ६७.८, गुणाकार ३६.६. त्यांचा ३३. म्हणजे समितीसमोर एकूण सायटेशन आणि एच-इंडेक्स असे दोन आकडे ठेवले, तरी प्रत्यक्षात माहिती एकाच आकड्याची पोचते. दुसरा पहिल्यातूनच निघतो. तेव्हा ‘३३ विरुद्ध ९’ हा वेगळा पुरावा म्हणून कुणी मांडला तर तो मान्य करू नका. शिल्लक राहते ती एकच तुलना : ४,६०० आणि ३१०.

आणि एकूण सायटेशन ही मुख्यतः त्या क्षेत्रात दरवर्षी किती माणसं किती पेपर लिहितात, यावर ठरतात. ऑटोमेटेड रीझनिंगचा पाया ज्या पेपराने घातला, तो अ‍ॅलन रॉबिन्सन यांचा रेझोल्यूशन या सिद्धता शोधण्याच्या नियमावरचा १९६५ चा पेपर. प्रोलॉग ही प्रोग्रामिंगची भाषा त्यातून आली, सिद्धता शोधणारे प्रोग्राम त्यावर पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिले. साठ वर्षांत त्याची सायटेशन काही हजारांत आहेत. डीप लर्निंगमधला, प्रतिमा ओळखणाऱ्या रेसनेट या नेटवर्कचा पेपर २०१६ सालचा, आणि त्याची सायटेशन केव्हाच लाखाच्या पुढे गेली. रेसनेट उत्तम काम आहे, त्याबद्दल शंका नाही. पण या दोन आकड्यांवरून कुणी रॉबिन्सनना दुय्यम ठरवणार असेल, तर त्याला दोन्ही पेपरांत काय आहे हे माहीत नाही, एवढंच सिद्ध होतं. समितीला हे उदाहरण जरूर द्या. स्वतःच्या आकड्यांबद्दल बोलण्याआधी आपल्या क्षेत्राच्या सर्वांत मोठ्या नावाचा आकडा सांगितला, की ऐकणाऱ्याच्या मनातली मोजपट्टी आपोआप सरकते.

आता तुमच्या क्षेत्राच्या आतलं. इथे सायटेशनचा प्रवाह एका विशिष्ट दिशेने वाहतो, आणि बाहेरच्या माणसाला तो कधीच दिसत नाही.

झेड-थ्री या एसएमटी सॉल्व्हरचा (सॅट सॉल्व्हरचीच, संख्यांसारख्या गोष्टीही समजणारी पुढची जात) पेपर घ्या. लिओनार्दो द मोउरा आणि निकोलाय ब्यॉर्नर यांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये असताना तो २००८ च्या टॅकस परिषदेत दिला. टूलची ओळख करून देणारा, जेमतेम चार पानांचा पेपर. जगात कुणीही झेड-थ्री वापरलं की ही चार पानं साइट करतो, त्यामुळे त्याची सायटेशन हजारोंनी आहेत. त्याच दोघांचा आदल्या वर्षीचा, २००७ च्या केड परिषदेतला ई-मॅचिंगवरचा पेपर बघा. ‘सर्वांसाठी’ असं म्हणणारी सूत्रं सॉल्व्हरने कधी आणि कोणत्या पदांसाठी उलगडायची, याची जलद रीत त्यात आहे. डॅफ्नीसारख्या प्रोग्रामिंग भाषेत कुणी आपला प्रोग्राम बरोबर असल्याचं सिद्ध करतो, तेव्हा पडद्यामागे हीच रीत धावत असते. पण तो वापरणारा माणूस नाव घेतो झेड-थ्रीचं. ई-मॅचिंगच्या पेपराची सायटेशन त्या मानाने फारच कमी आहेत. लेखक तेच, सॉल्व्हर तोच, आणि वैचारिक वजन बघायचं तर दुसऱ्या पेपराचं जास्त. आकडे मात्र उलट.

असं का होतं, याचं एक कारण तुमच्या क्षेत्राच्या घडणीतच आहे. इथे कल्पना टूलमध्ये विरघळतात. सूत्र सॉल्व्हरला देण्याआधी त्याला ठरावीक साच्यात आणायची त्सेइतिनची १९६८ ची युक्ती आज जवळजवळ प्रत्येक एन्कोडिंगमध्ये असते. किती जण ती नाव घेऊन साइट करतात? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ही गोष्ट फार पूर्वी टिपून ठेवली आहे : एखादी कल्पना इतकी सर्वमान्य होते की ती कुणाची हे सांगायची गरजच कुणाला वाटत नाही, आणि यशाच्या त्या टोकाला सायटेशन थांबतात.

उद्योगातला वापर तर मोजणीत येतच नाही. अ‍ॅमेझॉनच्या नेहा रुंगटा यांनी २०२२ च्या कॅव परिषदेत त्यांच्या क्लाउडमधल्या कामाबद्दल सांगितलं. कोणाला कोणत्या फाईलपर्यंत पोचता येईल याचे नियम तिथे एसएमटी सॉल्व्हरने तपासले जातात, आणि हे प्रश्न दिवसाला एक अब्जाच्या घरात आहेत. या प्रत्येक प्रश्नामागे रीझनिंगवाल्यांचे कित्येक पेपर उभे आहेत. त्या वापरातून सायटेशन किती आली? शून्य. सर्व्हर पेपर लिहीत नाही.

तुमचं स्वतःचं काम याच पट्ट्यात येतं. सॉल्व्हरने उत्तर शोधून दिलं तर ते घालून बघता येतं. ‘उत्तर नाही’ म्हणाला तर विश्वास कशावर ठेवायचा? २०१६ साली ह्यूल, कुलमन आणि मारेक यांनी पायथागोरसच्या त्रिकुटांचा प्रश्न सॅट सॉल्व्हरने सोडवला, तेव्हा पुरावा जवळपास २०० टेराबाइटचा निघाला. माणूस जन्मभर बसला तरी तो वाचू शकणार नाही. तो खरा मानायचा, तर तुम्ही लिहिता तसा तपासनीस प्रोग्राम हवाच. सॅटच्या स्पर्धेतही ‘उत्तर नाही’ म्हणणाऱ्या सॉल्व्हरकडून आता पुरावा मागितला जातो आणि तो यंत्राने तपासला जातो. हे काम पायाभूत आहे. पायाभूत काम करणाऱ्याचं नाव पेपराच्या संदर्भसूचीत फार तर एका ओळीत येतं, पुष्कळदा तेही येत नाही. तुमच्या ३१० चा अर्थ लावताना हे समोर ठेवा.

काळाचाही प्रश्न आहे. डेव्हिस, लोगमन आणि लव्हलंड यांचा १९६२ चा पेपर घ्या. आजच्या सॅट सॉल्व्हरचा सांगाडा त्यात आहे. पण सॅट सॉल्व्हर हे कारखान्यात चालणारं हत्यार आहे हे जगाला कळायला ग्रास आणि चाफ हे सॉल्व्हर यावे लागले. ग्रास १९९६ चा, चाफ २००१ चा. म्हणजे मधे तीसहून अधिक वर्षं गेली. आणि ग्रास-चाफच्या लेखकांना कॅव पुरस्कार मिळाला २००९ साली. ‘मागच्या पाच वर्षांतली सायटेशन’ हा रकाना ज्याने फॉर्ममध्ये घातला, त्याच्या डोळ्यासमोर असं क्षेत्र नव्हतं.

डेटाबेसबद्दल थोडंच सांगते. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट, अहवाल सगळं मोजतं, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स निवडक स्रोत मोजतात. म्हणून एकाच माणसाचे तीन ठिकाणी तीन आकडे येतात आणि स्कॉलरचा बहुतेक वेळा सर्वांत मोठा असतो. फाईलमध्ये आकडा लिहाल तिथे स्रोत आणि तारीख दोन्ही लिहा, आणि सहकाऱ्यांचा आकडा कोणत्या स्रोतातला आहे हेही विचारून घ्या. डीबीएलपीवर तुमची पेपरांची यादी नीट आहे का पाहा. तिथे सायटेशन मोजली जात नाहीत, पण संगणकशास्त्रातली सर्वांत स्वच्छ यादी तीच आहे. स्कॉलरचा आकडा फुगवता येतो हेही समितीतल्या कुणाला ठाऊक नसेल तर सांगायला हरकत नाही. २०१० साली ग्रनोबलच्या सिरिल लाबे यांनी ‘आइक अँटकरे’ नावाचा एक अस्तित्वातच नसलेला संशोधक तयार केला, त्याच्या नावावर यंत्राने लिहिलेले शंभरेक निरर्थक पेपर टाकले, आणि स्कॉलरच्या आकड्यांवरून त्याचा एच-इंडेक्स ९४ पर्यंत नेऊन दाखवला.

तुमच्या पत्रात नसलेली पण फाईलसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतला संशोधन गुणांचा तक्ता उघडा. त्यात शिक्षकाच्या सायटेशनला किंवा एच-इंडेक्सला वेगळे गुणच नाहीत. तिथे जो इम्पॅक्ट फॅक्टर (पेपरामागे सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) आहे तो जर्नलचा. समितीतल्या त्या सदस्यांनी ‘आकडे’ मागितले ते त्यांच्या मताने, तक्त्याप्रमाणे नव्हे. त्याच तक्त्यात तुमचं खरं नुकसान मात्र दडलेलं आहे. विज्ञान-अभियांत्रिकीत जर्नलमधल्या पेपराला ८ गुण आणि वर इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे ५ ते ३० ची भर. परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या पूर्ण पेपराला मात्र ७, आणि हा गट, व्याख्यानं आणि धोरणविषयक दस्तऐवज धरून, एकूण गुणांच्या ३० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. केड, आयजेकार, कॅव, टॅकस, सॅट या परिषदांमध्ये पेपर स्वीकारला जाणं किती कठीण आहे हे तुम्ही जाणता. तुमच्या क्षेत्रातलं उत्तम काम तिथेच छापलं जातं. तक्त्याच्या दृष्टीने मात्र ते एखाद्या सेमिनारातल्या पेपराच्या रांगेत बसतं. तक्ता तुम्हाला बदलता येणार नाही. पण परिषदेतल्या कामाची विस्तारित आवृत्ती जर्नल ऑफ ऑटोमेटेड रीझनिंगसारख्या ठिकाणी पाठवायची सवय लावून घेतलीत, तर तेच काम तक्त्यातही दिसेल. नियम बदलत राहतात, म्हणून तुमच्या फाईलला कोणते लागू आहेत हे विद्यापीठाच्या आयक्यूएसीला (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला) विचारून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर राहू नका.

लेखकांच्या क्रमाचंही बघा. दोनपेक्षा अधिक लेखक असले तर पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना ३० टक्के गुण, असा हा नियम आहे. तुमच्या क्षेत्रात कितीतरी पेपरांवर नावं आडनावाच्या इंग्रजी वर्णक्रमाने येतात. तुमचं आडनाव वर्णमालेच्या शेवटाकडचं असेल तर तुम्ही प्रत्येक पेपरात ‘बाकीच्यांत’ मोजल्या जात असाल. अशा प्रत्येक पेपरासाठी सहलेखकांकडून दोन ओळींचं पत्र घ्या : नावं वर्णक्रमाने आहेत आणि अमुक भाग तुमचा आहे. सहलेखक परदेशात असले तरी अशा पत्राला कुणी नाही म्हणत नाही.

आता ते ‘प्रभावाचं’ पान. त्यात काय यावं, ते मला वाटतं तसं सांगते.

सुरुवात तुलनेनेच करा, पण योग्य तुलनेने. तुमचा सर्वांत चांगला परिषदेतला पेपर निवडा. त्या परिषदेत त्या वर्षी आलेल्या सर्व पेपरांची यादी डीबीएलपीवर मिळते. प्रत्येकाची स्कॉलरवरची सायटेशन एकाच दिवशी नोंदवा, उतरत्या क्रमाने लावा, आणि तुमचा पेपर कितवा येतो ते लिहा. एका दुपारचं काम आहे. असे दोन-तीन पेपर केलेत की समितीला तुमचं स्थान कळेल, तेही त्याच विषयातल्या, त्याच वर्षाच्या, त्याच कसोटीतून गेलेल्या लोकांमध्ये. क्षेत्र आणि वर्ष यांच्या सरासरीने सायटेशनला भागायची पद्धत सायंटोमेट्रिक्समध्ये मान्य आहे, स्कोपसही तसा आकडा देतं. पण तयार आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. केड आणि आयजेकारची कार्यवृत्तं छापली जातात ती ‘लेक्चर नोट्स इन आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ग्रंथमालेत. डेटाबेसने तुम्हाला त्याच खात्यात टाकलं असेल, तर तुमची सरासरी पुन्हा डीप लर्निंगवाल्यांशीच निघेल. म्हणून हाताने केलेली तुलना अधिक प्रामाणिक.

त्यानंतर कुणी आणि कसं साइट केलं ते सांगा. यासाठी ३१० च्या ३१० सायटेशन उघडून वाचावी लागतील, आणि हे काम टाळू नका असा माझा आग्रह आहे. कोणत्या पेपरात तुमचं नाव ओळखीच्या परिच्छेदात पाच नावांच्या कंसात आलंय, कुठे तुमच्या टूलशी तुलना केली आहे, कुठे तुमच्या रीतीवर पुढचं काम उभं आहे, हे वेगवेगळं लावा. तुमची आणि तुमच्या सहलेखकांची स्वतःची सायटेशन बाजूला काढून तोही आकडा लिहा. टूलच्या नव्या आवृत्तीवरच्या पेपरात जुनी आवृत्ती साइट करणं रास्तच आहे, त्याचा संकोच नको, पण वेगळं दाखवलं की विश्वास वाढतो. मग तिसऱ्या गटातली तीन-चार उदाहरणं पानावर घ्या : अमक्या गटाने, अमक्या वर्षी, आमच्या तपासनीसावर हे बांधलं. तीनशे या आकड्यापेक्षा अशी चार वाक्यं समितीतल्या बाहेरच्या तज्ज्ञाला जास्त सांगतात.

हे वाचन करताना एक शक्यता मनात असू द्या. तिसरा गट जवळजवळ रिकामा निघू शकतो. तसं झालं तर ती बातमी कडू असली तरी उपयोगाची आहे, आणि ती क्षेत्र लहान असल्याच्या कारणाखाली झाकू नका. मग प्रश्न मोजण्याचा उरत नाही. टूल वापरायला अवघड आहे का, कागदपत्रं नीट नाहीत का, की प्रश्नच कुणाला नको होता, हे शोधावं लागेल. एखाद्या सॉल्व्हर लिहिणाऱ्या गटाला सरळ मेल करून विचारा. लहान क्षेत्राचा हा फायदा आहे की माणसं उत्तर देतात.

तिसरी गोष्ट वापराची. तुमच्या क्षेत्राकडे प्रभाव मोजायचं स्वतःचं साधन आहे : स्पर्धा. सिद्धता शोधणाऱ्या प्रोग्रामांची कॅस्क स्पर्धा १९९६ पासून चालू आहे. सॅट आणि एसएमटीच्या स्पर्धा आहेत. सॉफ्टवेअर पडताळणीची एसव्ही-कॉम्प आहे, आणि त्यात पुण्याच्या टीसीएस रिसर्चच्या व्हेरिअ‍ॅब्स या टूलने रीचसेफ्टी गटात पहिला क्रमांक मिळवलेला आहे. पुण्यात बसून केलेलं काम जगातल्या टूलांसमोर त्याच प्रश्नसंचावर, त्याच वेळमर्यादेत उतरलं आणि पुढे आलं. याहून स्वच्छ मोजमाप दुसरं कोणतं? तुमचा तपासनीस एखाद्या स्पर्धेत वापरला गेला असेल, एखाद्या सॉल्व्हरच्या चाचण्यांमध्ये बसवला असेल, त्याने कुणाच्या सॉल्व्हरमधली चूक पकडली असेल, तर ते दुव्यासकट लिहा. शेवटचं असेल तर ते सर्वांत वर लिहा.

क्षेत्र स्वतः कुणाला मोठं मानतं, हेही एका वाक्यात येऊ द्या. केडचा हर्ब्रँड पुरस्कार १९९२ पासून दिला जातो. २००० साली तो विल्यम मॅक्यून यांना मिळाला. रॉबिन्सच्या बीजगणिताचा साठेक वर्षं अडलेला प्रश्न १९९६ साली त्यांच्या ईक्यूपी प्रोग्रामने सोडवला होता. २००९ साली दीपक कपूर आणि २०२२ साली नटराजन शंकर हे भारतीय वंशाचे संशोधक त्या यादीत आले. ही यादी सायटेशनच्या क्रमाने लागलेली नाही, आणि ती वाचणाऱ्या कुणालाही तसं वाटत नाही.

पुढच्यासाठी एक करा. टूलच्या भांडारात ‘आम्हाला असं साइट करा’ ही फाईल ठेवा. गिटहबवर त्यासाठी २०२१ पासून सोय आहे. प्रत्येक आवृत्ती झेनोडो या संशोधनाच्या ऑनलाइन संग्रहावर टाकून तिला डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) घ्या. आणि टूलवर स्वतंत्र, छोटा पेपर नसेल तर या वर्षी लिहा. लोक टूल वापरतात पण काय साइट करायचं ते त्यांना माहीत नसतं. झेड-थ्रीच्या चार पानांनी काय केलं ते वर आलंच आहे.

आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. जाऊ नका. तुमच्यावर दडपण आहे हे मला समजतं, बोलावणारे वाईट माणसं आहेत असंही मी म्हणत नाही. पण तुम्ही ज्या विषयात काम करता, त्यात पुराव्याची एक पायरी खोटी असली तर सगळी सिद्धता फेकून देतात. त्याच हाताने तुम्ही न वाचलेल्या पेपराचं नाव संदर्भात घालणार का? व्यवहाराच्या बाजूनेही हे धोक्याचं आहे. एकमेकांकडे फिरणारी सायटेशन नकाशावर काढली की गठ्ठा दिसतो. अशा गठ्ठ्यांमुळे जर्नलंच्या जर्नलं इम्पॅक्ट फॅक्टरच्या यादीतून बाहेर काढली गेली आहेत. शिवाय तुमची ३१० सायटेशन ही आज तुमची बळकट बाजू आहे, कारण त्यातलं प्रत्येक नाव तुम्ही समितीला उघडून दाखवू शकता. ती गमावू नका. ग्रुपला उत्तर द्यायचं तर ‘मला तुमचे पेपर वाचायला पाठवा, उपयोग झाला तर नक्की साइट करीन’ एवढं पुरे.

आणि क्षेत्र बदलायचं का? आकड्यांसाठी असेल तर नको. डीप लर्निंगमध्ये उशिरा आलेल्या माणसाला ४,६०० आपोआप मिळत नाहीत, तुमच्या सहकाऱ्यांनीही त्यासाठी कष्ट केले आहेत. पण उत्सुकता म्हणून त्या दिशेला बघायचं असेल, तर तुम्ही बरोबर जागी उभ्या आहात. २०२४ च्या जुलैमध्ये गूगल डीपमाइंडच्या अल्फाप्रूफ आणि अल्फाजॉमेट्री-२ यांनी मिळून आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचे सहापैकी चार प्रश्न सोडवले, रौप्यपदकाच्या पातळीचे २८ गुण. अल्फाप्रूफची उत्तरं लीन या सिद्धता तपासणाऱ्या भाषेत लिहिलेली होती, म्हणून ती यंत्राने तपासता आली. यंत्राने शोधायचं आणि दुसऱ्या, छोट्या, विश्वासार्ह यंत्राने तपासायचं, ही विभागणी आता सगळीकडे लागणार आहे. लीनमध्येच बीव्ही-डिसाइड नावाची युक्ती आहे. ती बिटांचे प्रश्न सॅट सॉल्व्हरकडे पाठवते, सॉल्व्हरकडून पुरावा मागते आणि तो लीनमध्येच सिद्ध केलेल्या तपासनीसाने पडताळते. म्हणजे तुमच्याच कामाचा चुलतभाऊ तिथे आधीच नोकरीला लागला आहे. तुमचा तपासनीस लीनशी जोडता येईल का, हे एखाद्या एमटेकच्या विद्यार्थ्याला या सत्रात करायला द्या.

स्कॉलरचं पान महिन्यातून एकदा, एक तारखेला बघा. फाईलसाठी आकडा तेवढ्यावर मिळतो, आणि रात्रीची झोप परत येते. प्रभावाचं पान लिहून झालं की या सदराच्या पत्त्यावर पाठवा, मी वाचून खुणा करून देईन. समितीची तारीख कळवायला विसरू नका, म्हणजे त्याआधी तुमच्या हाती पडेल.

तुमची,
ताई